यादीतील शेवटचे नाव

आषाढ अर्धा सरला की पौड रस्त्याच्या दोन्ही अंगांची भातखाचरे तुडुंब भरतात, आणि इरल्यांची जागा घेतलेल्या प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून लावणीला वाकलेल्या बायांच्या रांगा पाहत पिरंगुटचा घाट उतरणाऱ्या शहरी प्रवाशाला, या तालुक्यातील माणसांना तूर्त भाताखेरीज दुसरी कसलीच चिंता नसावी, असा गोड गैरसमज होतो. वस्तुस्थिती अशी की, अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्याही नेमक्या याच सुमारास चालू असतात. आणि ज्या घरी बारावी उत्तीर्ण झालेले मूल आहे त्या घरी, रोपे पुरतील की नाही यापेक्षा, अमुक महाविद्यालयाचा ‘कट-ऑफ’ खाली येईल की नाही याचीच विवंचना अधिक असते.

मुळशी तालुक्यातील अशाच एका घरच्या ओटीवर गेल्या पावसाळ्यात मी एक संध्याकाळ घालविली. घर माझ्या जुन्या स्नेह्याचे. त्याच्या थोरल्या मुलाला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून 52 टक्के गुण होते आणि राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या ‘सीईटी’त, 61 पर्सेंटाइल. या दोन आकड्यांवरून त्या ओटीवर जो वाद झाला तो लिहून ठेवावासा वाटला, कारण वाद घालणारी दोन्ही माणसे शहाणी होती, दोघांचाही त्या मुलावर जीव होता, आणि दोघांची मते मात्र परस्परांच्या पाठीला पाठ लावून उभी होती.

त्यांतले एक अण्णा, मुलाचे चुलत आजोबा. मुळशीच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतरही कागदाची घडी उलगडण्यापूर्वी चष्मा पुसण्याची सवय न सुटलेले. दुसरे मुलाचे मामा. पिरंगुटच्या एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळणारे. ते बहिणीच्या सासरी आलेले, म्हणून अण्णा त्यांना रिवाजाप्रमाणे ‘पाहुणे’ म्हणत, आणि रिवाजाप्रमाणेच त्यांचे काही मान्य करीत नसत.

चहा झाल्यावर अण्णांनी तोंड उघडले.

“पाहुणे, छत्तीस वर्षे मी सरकारी दफ्तरात लोकांचे अर्ज वाचले. अर्ज नामंजूर झाला की त्यावर साहेबांचा शेरा पडतो, आणि समंजस अर्जदार तो शेरा वाचून मुकाट्याने घरी जातो. असमंजस असतो तो वकील गाठतो. बावन्न टक्के हा परीक्षा मंडळाने दिलेला शेरा आहे. तो वाचूनही तुम्ही पोराला इंजिनिअर करायला निघालात, हे वकील गाठण्यापैकीच झाले.”

“अण्णा, तो शेरा नव्हे, ती नुसती पोच आहे,” मामा म्हणाले. “आपल्या राज्यात बारावीच्या गुणांचे काम फक्त देवडीवरच्या पहारेकऱ्याचे. तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला 45 टक्के आणि राखीव वर्गाला 40 टक्के असले की पहारेकरी आत सोडतो. त्याच्यापुढे बावन्न काय आणि ब्याण्णव काय, सारखेच. आत गेल्यावर पंगतीत कोणी कुठे बसायचे, हे ठरवते सीईटी.”

“आणि तिथे तरी काय दिवे लावले? शंभरांत एकसष्ट!”

येथे मामांनी कपाळाला हात लावला, आणि खरे सांगायचे तर मीही लावला असता. कारण हा गैरसमज केवळ अण्णांचा नाही, पुण्यातल्या सुशिक्षित दिवाणखान्यांतही मी तो ऐकला आहे. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत आणि टक्केही नव्हेत. सीईटीचा पेपर 200 गुणांचा, त्यांतले निम्मे, म्हणजे 100 गुण, एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. आणि परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होत असल्याने एका सत्राची प्रश्नपत्रिका दुसऱ्या सत्राहून निराळी असते. सकाळचा पेपर अवघड आणि दुपारचा सोपा निघाला, तर नुसत्या गुणांवर लावलेला क्रम हा अन्याय ठरेल, म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातील मुलांशी करतात. एकसष्ट पर्सेंटाइल याचा अर्थ इतकाच की, परीक्षेला बसलेल्या शंभर जणांपैकी एकसष्ट जण गुणांनी त्याच्या बरोबरीला किंवा त्याच्या मागे आहेत. मामांनी हे सगळे लावणीच्या भाषेत सांगितले. शंभर बायांच्या रांगेत एखादी कितव्या ओळीला पोचली हे पर्सेंटाइल सांगते, तिने रोपे किती लावली हे नव्हे.

“म्हणजे एकोणचाळीस याच्या पुढे आहेत,” अण्णा म्हणाले. अव्वल कारकुनाला वजाबाकी शिकवावी लागत नाही.

“आहेत. आणि त्या एकोणचाळिसांतले पुष्कळ जण एकाच पाच-दहा दारांशी गर्दी करून उभे आहेत. शिवाजीनगरचे सीओईपी, धनकवडीचे पीआयसीटी, बिबवेवाडीचे व्हीआयटी, मुलींना कर्वेनगरचे कमिन्स. तिथे याला जागा नाही. हे मी आजच, याच्या तोंडावर सांगतो, म्हणजे तिसऱ्या फेरीपर्यंत घरात नवस-सायास चालायला नकोत. पण पुणे जिल्ह्यात दारे तेवढीच नाहीत.”

मुलगा खांबाला टेकून मोबाइलकडे पाहत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

अण्णांनी आता पवित्रा बदलला. टक्क्यांच्या हिशोबात आपण हरलो, हे ओळखून त्यांनी जो विषय काढला त्यात त्यांना हरविणे सोपे नव्हते, कारण तो त्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता, फेरफाराच्या नोंदवहीत पाहिलेला होता.

“आमच्या तालुक्याने इंजिनिअर पहिल्यांदा पाहिला तो धरणाच्या निमित्ताने,” ते म्हणाले. “1921 साली सेनापती बापट सत्याग्रहाला उभे राहिले, तरी शेवटी टाटांचे धरण झालेच; मुळा-निळेच्या काठची गावे पाण्याखाली गेली आणि ते पाणी बोगद्याने सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला उतरून मुंबईला वीज देऊ लागले. विद्या मोठीच, ती नाही असे कोण म्हणतो? पण जमीन आमची गेली. पुढे 1983 साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. मी तेव्हा नवा कारकून. त्यानंतरच्या दहा वर्षांत किती खरेदीखतांच्या नोंदी माझ्या हातून गेल्या, आणि त्यांतल्या किती खरेदीखतांमागे ‘पोराचे डोनेशन’ हे एकच कारण होते, ते मला विचारा. एकाने रस्त्यालगतचा दीड एकर दिला. पोरगा दुसऱ्या वर्षाच्या गणितात अडकला, तीन वर्षे तिथेच राहिला, आणि आज त्याच दीड एकरावर उभ्या असलेल्या फार्महाउसच्या फाटकावर रखवालदार आहे. हे मी रचून सांगत नाही.”

ओटीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. पागोळ्या गळत होत्या. मुळशीत ही कथा नवी नाही. हिंजवडीला माहिती-तंत्रज्ञानाची नगरी वसली, तेव्हापासून ती फक्त अधिक किमतीला सांगितली जाते.

मामांनी उत्तर दिले ते सावकाश, आणि त्यांनी मान्य केले ते प्रथम. डोनेशनचा काळ खरा होता. राज्याने 1987 साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा केला, 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात त्या व्यापाराला पायबंद घातला, आणि 2015 च्या कायद्याने प्रवेश व शुल्क ही दोन्ही नियमनाखाली आली. आता खासगी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते आणि ते संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. शासनाच्या फेरीतून, म्हणजे ‘कॅप’मधून, प्रवेश मिळाला आणि घरचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असले, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून मुलाच्या शिक्षणशुल्काचा निम्मा भार शासन उचलते. “जमीन विकावी लागते ती शुल्कासाठी नव्हे, अण्णा, ती लागते फेरीतून जे मिळत नाही ते फेरीबाहेरून मिळविण्याच्या हट्टासाठी. संस्थास्तरावरच्या वीस टक्के जागा, लोक ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात, तिथे गेलात की शिष्यवृत्ती गेली. त्या दाराशी मी याला जाऊ देणार नाही. आपण समोर टेकडीवर बघतो ते लवळ्याचे सिंबायोसिसही तसेच. त्यांची परीक्षा वेगळी, शुल्क वेगळे, ते कॅपमध्ये येतच नाहीत. दिसायला जवळ, पण वाटेत दरी.”

“मग जवळ आहे तरी काय?”

“लवळ्यातच भारती विद्यापीठाचे आहे. हिंजवडीला आयस्क्वेअरआयटी, मारुंज्याला अलार्ड. घोटवड्यावरून माणमार्गे गेले की दोन्ही हाकेच्या अंतरावर. अमुक एक चांगले असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, आधी जाऊन बघा.”

वाद एवढ्यावरच मिटला असता. पण अण्णांच्या भात्यात आणखी एक बाण होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत तीक्ष्ण होता.

“इतकीच हौस असेल तर वर्षभर थांबवा त्याला. घरी बसून अभ्यास करू दे. पुढच्या साली नव्वद पाडेल आणि मानाने शिवाजीनगरला जाईल. वाईट ठिकाणी लवकर पोचण्यापेक्षा चांगल्या ठिकाणी उशिरा पोचावे. आंबेमोहोर घ्यायचा तर पीक उशिरा येते, म्हणून कोणी हळवा भात लावतो का?”

दृष्टान्त अचूक होता आणि मामा क्षणभर निरुत्तर झाले. मग त्यांनी मुलाला विचारले, “बाळ, गणितात इतके कमी का पडले? खरे सांग.”

मुलगा म्हणाला, “पहाटे पाचला उठून कोथरूडला क्लासला जायचो. बसमध्ये झोप यायची. अकरावीची त्रिकोणमिती बुडाली, ती परत कधी झालीच नाही.”

“ऐकलेत?” मामा म्हणाले. “सीईटीत ऐंशी टक्के प्रश्न बारावीचे आणि वीस टक्के अकरावीचे. पण याचा पायाच अकरावीत खचला, म्हणून बारावीचे कलनही डळमळले. वर्षभर घरी ठेवलेत तर याला शिकवणार कोण? क्लास कोथरूडलाच, बस तीच. मित्र कॉलेजात गेलेले, घरात लावणी, काढणी, झोडणी. आणि एका वर्षाने एकसष्टाचे अठ्ठ्याहत्तर झाले, तर पुन्हा हीच ओटी आणि हाच वाद.”

या ठिकाणी माझे मत नोंदवितो. वर्ष थांबणे हे स्वतःहून चांगले नाही आणि वाईटही नाही. कमी गुणांचे कारण निघून जाण्याजोगे असेल, जसे की परीक्षेच्या महिन्यातले आजारपण किंवा घरातला मृत्यू, तर थांबणे शहाणपणाचे. कारण ज्या कारणाने गुण गेले ते पुढच्या वर्षी नसते. कारण जागच्या जागी राहणार असेल तर थांबणारा मुलगा फक्त एक वर्षाने मोठा होतो. अण्णांना आंबेमोहोराच्या दाण्याचा वास आठवत होता. त्याला पाणी किती लागते, हे ते त्या क्षणी विसरले होते.

अण्णांनी मग किर्लोस्करांचे नाव काढले. लक्ष्मणराव किर्लोस्कर कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेले होते? जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडली, यंत्रांची रेखाटने शिकले, आणि 1910 साली माळावर किर्लोस्करवाडी वसविली. मामा हसले. “आणि त्यांनी आपल्या मुलाला, शंतनुरावांना, कुठे धाडले? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला, यांत्रिकी अभियांत्रिकी शिकायला. स्वतः पदवीवाचून कारखाना उभारलेल्या माणसाला पदवीची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळली असावी.” हा वार अण्णांनी दिलदारपणे सोसला, इतकेच नव्हे तर दुसरा चहा मागविला.

मामांचा स्वतःचा वृत्तान्त त्यांच्या तोंडून निघाला तो या दुसऱ्या चहाबरोबर. दहावीला 48 टक्के. म्हणून तंत्रनिकेतनात यंत्र शाखेची तीन वर्षांची पदविका. दोन वर्षे लेथवर. आणि मग पदविकेच्या गुणांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. त्या वाटेला सीईटी लागत नाही. ज्यांचे तीन विषयांचे गुण पंचेचाळिसाच्या खाली अडकतात, त्यांनाही ती खुली आहे, कारण बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात बसू शकतो. दोन वर्षे पदविका, तीन वर्षे पदवी, एकूण पाच. चारऐवजी पाच वर्षे जातात, पण ती पाचही वर्षे हातात पाना असतो. “कारखान्यात मुलाखतीला मी बसतो,” मामा म्हणाले, “तेव्हा कॉलेजचे नाव पहिल्या पाच मिनिटांतच विसरायला होते. समोरचा मुलगा ‘व्हर्निअर’ हातात धरतो की डोळ्यांसमोर धरतो, हे बघितले की उरलेले कळते.”

मला हे अंशतःच पटले. नाव विसरले जाते ते कारखान्यात. संगणकाच्या मोठ्या कंपन्या तर कोणत्या कॉलेजात जायचे हे आधी ठरवून मगच निघतात, आणि मुळशीतली बहुतेक मुले ज्या नोकरीकडे डोळे लावून बसली आहेत ती हिंजवडीची नोकरी असते, पिरंगुटची नव्हे. हे मी बोलून दाखविले. मामांनी ते नाकारले नाही. म्हणूनच, ते म्हणाले, यादी करताना नाव, शाखा, अंतर आणि शिक्षक या चौघांना एकाच तराजूत घालता येत नाही. आपल्या मुलाला काय पेलवते ते पाहून एकेकाला सोडावे लागते.

आणि येथून पुढे, म्हणजे वाद संपून यादी सुरू झाल्यावर, अण्णा असे काही खुलले की मला नवल वाटले. मामांनी मागील वर्षांच्या कट-ऑफची छापील पाने पुढे ठेवली मात्र, आणि अण्णांनी चष्मा पुसून ती सातबाऱ्याचा उतारा वाचावा तशी वाचायला घेतली.

“हे ‘जी-ओपन-एच’ काय प्रकरण आहे?”

“पहिले अक्षर सर्वसाधारण की महिला. मधले प्रवर्ग. शेवटचे ‘एच’ म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांच्या जागा, ‘ओ’ म्हणजे हद्दीबाहेरच्यांच्या, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरावरच्या.”

“म्हणजे वहिवाटदार कोण ते शेवटच्या रकान्यात. आणि हा आकडा पहिल्या फेरीचा आहे. पहिल्या फेरीचा का बघता? लिलावात शेवटची बोली बघायची असते.”

मामांनी माझ्याकडे पाहिले. अण्णा बरोबर होते. पहिल्या फेरीची रेषा वर असते, कारण हुशार मुले तेव्हा सगळीच रिंगणात असतात; जसजशी ती वरच्या जागी सरकतात, तसतशी रेषा उतरते. एकसष्टाच्या मुलाने पहिल्या फेरीचे आकडे पाहून निराश होणे हे बाजार भरताच भाव विचारण्यासारखे आहे. शेवटच्या फेरीची रेषा पाहावी, आणि तीही एका वर्षाची नव्हे, तीन वर्षांची. कारण संगणक शाखेच्या जागा अलीकडे वाढत गेल्या आहेत, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2024 पासून चांगल्या संस्थांच्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादाही उठविली आहे, आणि जिथे जागा वाढतात तिथे गेल्या वर्षीची रेषा यंदा जागेवर राहात नाही.

“सातबाऱ्यावर,” अण्णा कागद खाली ठेवून म्हणाले, “मालकाचे नाव ठळक असते, क्षेत्र ठळक असते, पण जमीन घेणारा शहाणा असेल तर तो आधी ‘इतर हक्क’ वाचतो. बोजा तिथे असतो, कूळ तिथे असते, कज्जा तिथे असतो. या कॉलेजांच्या माहितीपुस्तिकेत इतर हक्कांचा रकाना कुठे आहे?”

मी त्या संध्याकाळी ऐकलेले सर्वांत मार्मिक वाक्य हेच. मामांनी तो रकाना कुठे शोधायचा ते सांगितले. इमारतीच्या छायाचित्राखाली ‘मानांकित’ असे लिहिलेले असते, ते ‘नॅक’चे असेल तर संस्थेला असते, ‘एनबीए’चे असेल तर एकेका शाखेला, आणि मुदतीसह, तेव्हा ज्या शाखेला आपण जाणार, तिला ते आहे का आणि मुदत कधी संपते, एवढेच विचारावे. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे परिषदेचे प्रमाण. ते कागदावर सगळीकडेच भरते, म्हणून प्राचार्यांना न विचारता उपाहारगृहात बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारावे की, गणित शिकविणारे सर गेल्या वर्षी होते तेच यंदा आहेत का. कार्यशाळेत जावे आणि लेथच्या खालच्या ट्रेमध्ये ताजा चुरा आहे की धूळ, ते बघावे. नोकऱ्यांच्या फलकावर सर्वांत मोठा पगार कोणाला मिळाला हे असते. किती जणांना काहीच मिळाले नाही, हे नसते, तेच विचारावे. वसतिगृहाचे मामांनी एका वाक्यात उरकले. रोज दोन तासांहून जास्त प्रवास होणार असेल तर वसतिगृह, नाही तर घर. कोथरूडच्या बसने काय केले ते आपण ऐकलेच.

मग क्रम. येथे मात्र खुद्द मुलाच्या वडिलांनी, इतका वेळ गप्प बसलेल्या माझ्या स्नेह्याने, तोंड घातले. त्याचे म्हणणे, वर उगाच मोठी नावे कशाला, मिळेल तेच पहिले लिहू. मामांनी त्याला ठाम नकार दिला. यंत्रणा पसंतीक्रम वरून खाली वाचते. वर मोठे नाव लिहिले म्हणून खालचे हातचे जात नाही. अवघड आहे ते वर लिहायला हरकत नाही, मात्र जिथे जायचे नाही ते वर लिहू नये. कारण 2025-26 च्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्यात पहिल्या सहांतला, तर ती जागा आपोआप कायम होते. घेतली तर घेतली, न घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव गेले. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या त्या वर्षीची पुस्तिका शेजाऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचावी.

“म्हणजे वरची सहा नावे ही सही,” अण्णा म्हणाले. “सही करण्यापूर्वी मजकूर वाचावा.”

“आणि खालचे नाव?” मी विचारले.

त्यावर दोघेही थांबले. मला वाटते, या सगळ्या प्रकरणाचे मर्म त्या प्रश्नात होते. कमी गुण मिळालेल्या मुलाच्या घरी यादीचा वरचा भाग मोठ्या हौसेने लिहिला जातो, मधला भाग शेजाऱ्याच्या यादीवरून उतरविला जातो, आणि शेवटची चार-पाच नावे कोणी न पाहता, केवळ रकाने भरावेत म्हणून, टाकलेली असतात. आणि नियतीचा विनोद असा की, एकसष्ट पर्सेंटाइलच्या मुलाला जी जागा लागण्याचा संभव सर्वाधिक, ती त्याच चार-पाचांत असते. ज्याचे गुण कमी, त्याने यादी खालून वाचायला हवी. शेवटचे नाव असे हवे की ते लागले तर पेढे नाही वाटले तरी चालतील, पण मूल दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर घेऊन निघेल. अण्णांना सगळीच नावे नको होती आणि मामांना सगळीच चालत होती. त्यामुळे शेवटच्या नावाचा विचार त्या दोघांपैकी कोणीही केलेला नव्हता.

विचार केला होता तो मुलाने. खांबाशी बसूनच तो म्हणाला, “मी दोन ठिकाणी जाऊन आलोय. मंगळवारी, मित्राच्या गाडीवर. एक नको. तिथे तीन मजले नुसते बंद होते. दुसऱ्या ठिकाणी विद्युतच्या प्रयोगशाळेत मुले काम करत होती, एका सरांनी मला मोटार उघडून दाखवली. संगणक मिळाला तर संगणक. नाही तर तिथे विद्युत. यंत्र नको. मामांच्या कारखान्यात फार उकडते.”

सर्वांत मोठ्याने हसले ते मामा. आतून मुलाची आई बाहेर आली, तिने विचारले ते एवढेच की, निम्मे शुल्क शासन देते म्हणता, पण उरलेले निम्मे पहिल्याच दिवशी भरायचे का, आणि दाखले कोणते लागतात. तिच्या या प्रश्नाला त्या ओटीवर नेमके उत्तर देऊ शकणारा माणूस एकच होता. अण्णांनी बोटांवर मोजून सांगितले. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, आणि सर्वांत आधी जात-वैधता. कारण बाकीचे कागद महसूल कचेरीतून काही दिवसांत निघतात, वैधता पडताळणी समितीकडून येते आणि ती आपल्या सवडीने येते. मुलाचे प्रमाणपत्र हाती होते, कारण दोन वर्षांपूर्वी ते अण्णांनीच, कोणी न सांगता, अर्ज करून मिळविले होते. इंजिनिअरिंगला विरोध असलेल्या माणसाने ते का मिळविले, हे कोणी विचारले नाही.

यादीत एकोणीस नावे झाली. अण्णांनी एक खोडले, मामांनी एक वाढविले, शेवटचे मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले. तिसऱ्या फेरीत त्याला सतरावे नाव लागले, विद्युत शाखा. तो आता रोज घरून जातो-येतो.

त्याची धाकटी बहीण यंदा अकरावी विज्ञानाला आहे. 8 जुलै 2024 च्या शासननिर्णयाप्रमाणे आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरच्या मुलींना शासनाच्या फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्या सोमवारी अण्णा तिच्या वैधतेचा अर्ज दाखल करून आले. ज्यांच्या घरी अकरावीचे मूल आहे, त्यांनी तो याच महिन्यात करावा.